लिस्बनहून लॉगिन करायचंय? मग आधी ही तयारी

घरून काम करता येतं, तर ते घर लिस्बनमध्ये का नको, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांत आता चांगलाच रुळलाय. पोर्तुगालने अशा लोकांसाठी ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस डी-८ व्हिसा सुरू केला. अडतं ते बहुतेक वेळा कागदांच्या क्रमावर. क्रम चुकला की शेवटचा कागद हातात येईपर्यंत पहिला शिळा झालेला असतो. तेव्हा व्हीएफएसचा, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचा, फॉर्म उघडण्याआधी एचआरला मेल टाका.

मॅनेजर तोंडी ‘जा की’ म्हणतो, त्यावर जाऊ नका. लेटरहेडवर पत्र हवं: पद, पगार, नोकरी कधीपासून, आणि हे काम पोर्तुगालमध्ये राहून करायला कंपनीची हरकत नाही असं स्वच्छ वाक्य. लीगलवाले इथेच अडून बसतात. क्लायंटचा डेटा परदेशातून उघडला जाईल आणि तुमच्या एकट्यामुळे कंपनी तिथल्या कराच्या जाळ्यात येईल, या दोन्ही भीती अगदीच निराधार नाहीत. त्याच बैठकीत पीएफचाही विषय काढा. भारत आणि पोर्तुगालमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे. ईपीएफओकडून कव्हरेजचं प्रमाणपत्र मिळालं, तर इथला पीएफ चालू राहतो आणि तिथली वर्गणी वाचते. मात्र ही सोय कंपनीने पाठवलेल्या माणसासाठी आहे आणि अर्जही कंपनीमार्फतच जातो. ‘स्वतःच्या इच्छेने जात आहे’ असं पत्रात सहज लिहून गेलं, की ती वाट तिथेच बंद. फ्रीलान्सर असाल तर या सगळ्याऐवजी करार, बिलं आणि रिटर्न्स लावा. मग एखादं बिल एका नावाने आणि पैसे दुसऱ्याच खात्यात, असं दिसता कामा नये.

पैशाचं गणित सोपं आहे, पण बोचरं. गेल्या तीन महिन्यांची सरासरी कमाई पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट लागते. ते वेतन २०२५ मध्ये ८७० युरो होतं, २०२६ पासून ९२० झालं. म्हणजे महिना ३,६८० युरो. युरो शंभर रुपयांचा धरला तरी पावणेचार लाखांच्या आसपास. हा आकडा दर जानेवारीत वर सरकतो, म्हणून डिसेंबरात काठावर असाल तर आळस करू नका. शिवाय खात्यात वर्षभराच्या किमान वेतनाइतकी शिल्लक दाखवायची. जोडीदार बरोबर असेल तर त्याच्या निम्मी आणखी, मुलामागे ३० टक्के. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून आलेले दहा लाख स्टेटमेंटवर लगेच डोळ्यात भरतात. शिल्लक हळूहळू साठलेली दिसावी.

आता नावं. मराठी माणसाचा खरा घोळ इथे आहे, आणि एजंट तो शेवटच्या दिवशी सांगतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. डिग्रीवर कधी आईचंही नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात गेलेलं किंवा अजिबात नसलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं आधार एका नावाने, पॅन दुसऱ्या, डिग्री माहेरच्या. इथल्या कारकुनाला हे सगळं एका नजरेत कळतं. लिस्बनच्या कारकुनासाठी त्या तीन वेगळ्या बायका असतात. सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडा, पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना, आणि जिथे फरक दिसेल तिथे आताच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या. राजपत्रात नाव बदलायचं असेल तर ते सगळ्यांत आधी, कारण त्यानंतरचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, लागलीच तर डिग्री हे कागद आधी राज्य सरकारच्या साक्षांकनातून आणि मग परराष्ट्र मंत्रालयातून फिरून येतात. ते शिळे होत नाहीत, म्हणून लवकर सुरू करा. पोलीस क्लिअरन्सचं उलट. पासपोर्ट सेवाच्या साइटवर त्याचा अर्ज असतो, चौकीचा फोन येतो, आणि जुनं प्रमाणपत्र चालत नाही. ते अगदी शेवटी काढा. मधल्या काळात एखाद्या देशात वर्षाहून जास्त राहिला असाल, तर तिथल्या पोलिसांचं प्रमाणपत्रही लागतं. दुबईत किंवा सिंगापुरात प्रोजेक्टवर राहून आलेले हे हमखास विसरतात.

घराचा पुरावा म्हणून आठवड्याभराचं हॉटेल बुकिंग लावून कोणी हसं करून घेऊ नये. वर्षभराचा भाडेकरार लागतो, आणि करारासाठी आधी निफ, म्हणजे तिथला नऊ आकडी करक्रमांक. तो भारतात बसून प्रतिनिधीमार्फत काढता येतो. न पाहिलेल्या घराचं डिपॉझिट मात्र व्हिडिओ कॉलवर खोल्या फिरून बघितल्याशिवाय आणि मालकाची मालकी तपासल्याशिवाय पाठवू नका. कुटुंबाला मागून बोलावू, असा बेत असेल तर सावध राहा. २०२५ च्या बदलांनंतर ते नियम बरेच कडक झाले आहेत.

गोव्याच्या मंडळींसाठी एक वेगळं वळण. आई-वडील किंवा आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले असतील, तर थेट पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे, हे घरोघरी माहीत आहेच. ती घेतली की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि पुढे ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, राहावं लागतं. डी-८ मध्ये पासपोर्टला धक्का लागत नाही. दोन वाटांची सरमिसळ करून देणाऱ्या एजंटला नमस्कार करून बाहेर पडा.

कराबद्दल सीएशी तासभर बसा, तेही तिकीट काढण्याआधी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीयाचा त्या आर्थिक वर्षातला इथला मुक्काम १८२ दिवसांच्या आत असेल, तर तो अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ही तारीख लक्षात ठेवा. तिकडे १८३ दिवसांनंतर करनिवासी. नव्याने येणाऱ्यांना दहा वर्षं करसवलत देणारी जुनी योजना २०२४ पासून नव्या लोकांसाठी बंद आहे, तरी यूट्यूबवर ती अजून जोरात विकली जाते. बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

व्हिसा चार महिन्यांचा असतो, दोनदा प्रवेशाचा. त्या काळात आयमा या तिथल्या स्थलांतर कार्यालयात जाऊन दोन वर्षांचा निवास परवाना घ्यायचा. जुन्या खात्याच्या जागी २०२३ मध्ये आयमा आलं, तेव्हा वारशात चार लाखांच्या आसपास थकलेली प्रकरणं मिळाली होती, हे ध्यानात ठेवून धीर धरा. भेटीच्या दिवसासाठी मूळ कागद केबिन बॅगेतच न्या.

टीमला वेळेचंही आधीच सांगून ठेवा. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो, म्हणजे इथली दहाची स्टँडअप तिथे पहाटे साडेचारला. आणि बँकेचे ओटीपी येणारं भारतीय सिम रोमिंगवर चालू राहील असं बघा. त्याचा रिचार्ज कोण करणार, हे घरी ठरवून निघा.