गणपतीला रात्रीचं निघताय? आधी गाडीचे दिवे बघा

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि तिथून मुंबई-गोवा हायवेने खाली, गणपतीला आम्ही दरवर्षी असेच जातो, रात्रीचे. गेल्या वर्षी ताम्हिणीत पाऊस होता आणि धुकं पार बॉनेटवर उतरलेलं. समोर म्हशी आल्या म्हणून मी ब्रेक मारला, तर मागून टायर घासत एक टेम्पो आला आणि हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर भिजत उतरून खिडकीशी आला. म्हणाला, "दादा, तुमची ब्रेक लाइट लागतच नाही. मला कळणार कसं?" मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुलं झोपलेली होती. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून पहिलं काम ब्रेक लाइट. मी निघण्याआधी मागे जाऊन बघितलं होतं, दोन्हीकडे लाल दिवे लागलेले होते. पण ते टेललाइट होते! पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, 5 वॅटची टेलसाठी आणि 21 वॅटची ब्रेकसाठी. 21ची उडते, 5ची लागत राहते, आणि दिवा लागलेला दिसतो. माझ्या गाडीला वरची तिसरी ब्रेक लाइट नाही, आणि खालच्या दोन्ही गेल्या होत्या. तेव्हा पेडल दाबलेलं असतानाच बघा. घरातल्या कुणाला मागे उभं करा आणि नुसतं "लागली" ऐकून सोडू नका. डावी लागली का, उजवी लागली का, वरची असेल तर ती लागली का, एकेक विचारा. एकटे असाल तर रात्री भिंतीकडे गाडीची पाठ करा आणि ब्रेक दाबून आरशात बघा, भिंतीवरचा लाल उजेड दोन्ही बाजूंना वाढला पाहिजे. सगळ्या एकदम बंद असतील तर लगेच बल्ब बदलत बसू नका, वायरमनला आधी पेडलवरचा स्विच आणि फ्यूज बघायला सांगा. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटत असेल तर बहुधा अर्थिंग, म्हणजे दिव्याची गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर, खराब आहे. पावसाळ्यात होल्डरमध्ये पाणी जातं आणि पितळेवर हिरवट गंज धरतो.

आता पुढचे दिवे. हेडलाइट सगळेच बघतात, फक्त अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा) वेगवेगळे बघा. हेडलाइटच्या एच-4 जातीच्या बल्बमध्येही दोन तारा असतात, 60 आणि 55 वॅटच्या. डिपरची गेली की रात्रभर अप्परवर गाडी चालवावी लागते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. एक जादा बल्ब जवळ ठेवा. बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल राहिलं तर काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. जास्त उजेडासाठी 100 वॅटचे बल्ब मूळ वायरिंगवर लावून देणारे भेटतील. कृपा करून लावू नका, होल्डर वितळतो. डॅशबोर्डवर हेडलाइटचा उजेड वर-खाली करणारं 0 ते 3 आकड्यांचं बटण असेल तर माणसं-सामान भरल्यावर आकडा वाढवा, उजेड खाली येतो. नाहीतर मागून गाडी बसते आणि पुढचा उजेड झाडांवर जातो.

जादा फ्यूजही जवळ ठेवा, 10, 15 आणि 20 अँपिअरचे, दोन-दोन. लाल, निळा, पिवळा, याच क्रमाने रंग असतात. लालच्या जागी पिवळा घालू नका, तार तर अजिबात गुंडाळू नका. फ्यूज वाचेल, पण वायरिंग जळेल. घाटात ना गॅरेज ना मोबाइलची रेंज.

इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिकत असेल तर बहुतेक एक बल्ब गेलाय. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणारे खूप दिसतात, ते करू नका, तुम्ही वळणार आहात की उभे आहात हेच मागच्याला कळत नाही. फॉग लॅम्प, रिव्हर्स, नंबर प्लेटचा दिवा, एकदा बघून घ्या. काचा पुसा.

टॉर्च, गाडी बंद पडल्यावर मागे ठेवायचा लाल त्रिकोण, स्क्रू ड्रायव्हर, जुनं फडकं. हे सगळं पुढे हाताशी, डिक्कीत सामानाखाली नको.

आणि ब्रेक लाइट सामान भरल्यावर परत बघा. हो, परत. काही गाड्यांत टेललॅम्पचे होल्डर डिक्कीच्या आतून असतात, मखराचं खोकं किंवा बॅग कोंबली की धक्का लागून सैल होतात. डिक्की लावली, सगळे बसले, की एकाला खाली उतरवा, पेडल दाबा आणि विचारा, डावी? उजवी? दोन्हींना "हो" आल्याशिवाय गिअर टाकू नका. माणगावला चहाला थांबाल तेव्हाही एकदा.