परीक्षणाचा लेख: कागदावर वाचावा की पडद्यावर?

संशोधनपत्रिकेकडून प्रसिद्धीपूर्व परीक्षणासाठी लेख आता ईमेलने किंवा संकेतस्थळावरून येतो. तो छापून घ्यावा की नाही, हे मात्र परीक्षकाने ठरवायचे असते. माझ्या मते पहिले वाचन पडद्यावर आणि दुसरे कागदावर करावे.

संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का, एकच संज्ञा दोन अर्थांनी वापरली आहे का, हे पडद्यावर शोधणे सोपे जाते. मराठी लेख असल्यास तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, आहे ना, हे आधी पाहावे. जुन्या फॉन्टमधील फाइलीत शब्द शोधला तर काहीच सापडत नाही, आणि रूपांतर करताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. त्याचा दोष लेखकाच्या शुद्धलेखनाला देऊ नये.

युक्तिवाद मात्र कागदावर तपासावा, कारण कोष्टकाचे पान शेजारी ठेवून त्यावरचे विवेचन ओळीओळीने ताडून पाहता येते. फाइल वर्डची असेल, तर छापण्यापूर्वी ‘लेआउट’मधून ओळींना सलग क्रमांक द्यावेत, म्हणजे समासातला शेरा अहवालात उतरवताना ‘ओळ १४२’ एवढे लिहिले तरी पुरते.

छपाई कुठे करता, याचीही काळजी घ्यावी. मी एकदा बडोद्याच्या सयाजीगंजातील झेरॉक्सच्या दुकानात लेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून छापून घेतला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा ती फाइल तिथल्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये शीर्षकासकट तशीच पडलेली होती. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या ‘कोप’ या प्रकाशननीती-समितीची मार्गदर्शक तत्त्वेही परीक्षकाला लेख गोपनीय ठेवण्यास सांगतात. शक्यतो घरीच छापावे. बाहेर छापल्यास फाइल आपल्यासमोर पुसून घ्यावी आणि काम झाल्यावर पाने रद्दीत न घालता फाडावीत, नाहीतर कुणाचा तरी अप्रकाशित निष्कर्ष फरसाणाच्या पुडीतून घरोघरी जायचा.

परीक्षकाचे नाव गुप्त राखायचे असेल, तर वर्डमधील शेऱ्यांना आपले नाव आपोआप चिकटते, हे विसरू नये. ‘फाइल’, ‘इन्फो’ या मार्गाने ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवून ते काढावे. पीडीएफमधील शेऱ्यांनाही नाव चिकटू शकते, तेही काढावे. कागदावरचे शेरे स्कॅन करून पाठवण्याचा आळस तर मुळीच करू नये, कारण मराठीच्या एवढ्याशा विद्याविश्वात परीक्षकाचे अक्षर ओळखणारा कुणीतरी निघतोच.