लॅपटॉप ढिम्म? आधी चार्जर आणि बॅटरी बघा

पावसाळाभर कपाटात पडलेला जुना लॅपटॉप सुरू झाला नाही, तर नाशिकच्या एमजी रोडवर दुरुस्तीला नेऊन लगेच मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदलायला होकार देऊ नका. चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेला विद्युतभार निघून जातो. मग बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर लावा. चालला तर दोष बहुधा बॅटरीतच. तरीही दिवा लागत नसेल तर मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायचं यंत्र) गोल पिनचा चार्जर तपासा. अशा बहुतेक चार्जरमधून साधारण १९ व्होल्ट मिळतात, नेमका आकडा चार्जरवरच छापलेला असतो. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? वीज पूर्ण तोडून रॅम (मेमरीची पट्टी) काढा, परत घट्ट बसवा. फुगलेली बॅटरी मात्र दाबू नका, चार्जही करू नका.