वखराची पास पाणी देताना वाकते, ती सरळ कशी ठेवायची

मृग जवळ आला की भट्टीवर वखर-डवऱ्याची गर्दी होते. गाडीच्या जुन्या कमानपाट्याची पास, म्हणजे वखराचं आडवं पातं, घडवली, लाल केली, कडक व्हावी म्हणून पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवली, अन् बाहेर काढली तर मधातून वाकलेली. माझी अशीच वाकली होती, थंडीच ऐरणीवर ठोकली तर दोन तुकडे झाले, दोन दिवसाची मेहनत गेली.

हे काहून होते ते आधी पाहा. अर्ध्या मीटरची पास 800 डिग्रीपर्यंत तापली की 5 मिलिमीटरच्या आसपास लांबते, थंड होताना आखडते. पण 250-300 डिग्रीच्या खाली पोलादाची आतली रचना बदलते, मार्टेन्साइट म्हणजे पोलादाचं कडक रूप बनतो, तो जास्त जागा घेतो म्हणून आखडता आखडता ते परत फुगते. धार पातळ, ती हे सगळं आधी करते, जाड पाठ मागून, मंग एकमेकीले ओढतात अन् पास वाकते नाहीतर तडकते.

म्हणून पाणी द्यायच्या आधीचं काम महत्त्वाचं, तेच लोक सोडतात. घडवताना घातलेल्या घणाचा ताण आत राहून जाते. पास लाल करा अन् वारा नसलेल्या जागी आपोआप थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा, वाकली तर लाल असतानाच सरळ करा. धार आत्ताच बारीक घासू नका, दीड-दोन मिलिमीटर जाड राहू द्या.

शेवटच्या तापात भाता हळू चालवा, पास उलटीपालटी करत राहा, अन् अधांतरी ठेवू नका, लाल लोखंड स्वतःच्या वजनानंच लवते. चुंबक चिकटणं बंद झालं की थोडंसं आणखी तापवून काढा.

कमानपाट्याले पाणी नको, तेल पायजे, 50-60 डिग्री कोमट. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. तेल लोखंडी डब्यात घ्या, झाकण जवळच ठेवा, भडका उडते. पास टोकाकडून सरळ उभी घाला, खाली-वर हलवा, आडवी बिलकुल नाही, एका अंगाले आधी तेल लागलं की वाकलीच समजा.

तरी थोडी वाकली तर गरम आहे तोवरच दोन जाड सपाट पट्ट्यांत दाबून धरा, हातमोजे घालून. थंड झाल्यावर हातोडी नाही. त्याच दिवशी घासून चकचकीत करा अन् हळूहळू तापवा, 300 डिग्रीजवळ निळा रंग येते, दगडाच्या वावरात फिरणाऱ्या पासीले तेवढा चिवटपणा लागतेच. धार त्यानंतर लावा, पाणी शिंपडत, नाहीतर ग्राइंडरच्या तापानं ती परत नरम पडते.