इम्प्लांटशेजारच्या दाताच्या मुळाशी पू झाल्यास शस्त्रक्रिया कशी करावी

इम्प्लांटच्या (हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळाच्या) टोकाशी एक्स-रेमध्ये काळा डाग दिसला की आधी शेजारचा दात तपासा. इम्प्लांट घट्ट आहे, वरचं हाड शाबूत आहे आणि डाग फक्त तळाशी आहे, तर संसर्ग बऱ्याचदा शेजारच्या मुळातूनच आलेला असतो. थंड लावून नस जिवंत आहे का ते पाहा आणि छोट्या फील्डचा सीबीसीटी (फक्त त्या भागाचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) काढा. टायटॅनियममुळे चित्रात काळे पट्टे उमटतात. ते हाडाची झीज समजू नका.

त्या दाताचं रूट कॅनाल (मुळातल्या नळीची, म्हणजे कॅनालची, सफाई करून ती भरणं) झालेलं नसेल किंवा अर्धवट असेल, तर आधी ते पूर्ण करा. आतली घाण तशीच ठेवून मुळाचं टोक कापलं (हीच ही शस्त्रक्रिया) तर पू परत येतो.

भुलीसाठी अ‍ॅड्रेनलिनयुक्त लिग्नोकेन द्या आणि 10 ते 15 मिनिटं थांबा, म्हणजे रक्त कमी येतं. उभा छेद इम्प्लांटवर किंवा डागावर घेऊ नका. तिथली हिरडी पातळ असली तर मागे सरकते आणि धातू उघडा पडतो. खालच्या उपदाढा-दाढांमध्ये मेंटल नसेची (खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेची) जागा आधीच मोजून ठेवा.

हाडाची खिडकी सलाईनच्या धारेखाली, इम्प्लांटपासून दूरच्या बाजूने उघडा. मुळाचं टोक 3 मिमी कापा, कारण कॅनालच्या बहुतेक फांद्या तिथेच असतात. काप मुळाला काटकोनात हवा. तिरका काप घेतला तर आतल्या बाजूचा कॅनाल सुटू शकतो. कापलेल्या तोंडावर मिथिलीन ब्लू (चिरा दाखवणारा निळा रंग) लावून मायक्रोस्कोपखाली पाहा. मुळाला उभी चीर दिसली तर पुढे काही करू नका, दात काढा. चीर नसेल तर अल्ट्रासॉनिक टिपने 3 मिमी खोल पोकळी करून एमटीए (मुळाचं तोंड बंद करणारं सिमेंट) भरा. रक्त थांबवायला ठेवलेले कापसाचे बोळे मोजून बाहेर काढा.

डाग खरवडताना इम्प्लांटचे आटे उघडे दिसले तर स्टीलचं क्युरेट (खरवडण्याचं हत्यार) आणि अल्ट्रासॉनिक टिप बाजूला ठेवा. टायटॅनियमच्या किंवा प्लास्टिकच्या क्युरेटने मऊ पेशी काढा, सलाईनने धुवा. काढलेली ऊती पॅथॉलॉजीला पाठवा. इम्प्लांट हलत असेल तर मात्र या शस्त्रक्रियेने तो वाचत नाही.

5-0 किंवा 6-0 (बारीक धाग्याचे) टाके घाला, साधारण 5 ते 7 दिवसांनी काढा. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तरच अँटिबायोटिक द्या. पुढचे एक्स-रे 6 आणि 12 महिन्यांनी, त्याच कोनातून काढा. कोन बदलला की डाग खोटा लहान किंवा मोठा दिसतो.