दोन विष्णू, एक बैठक : भातखंडे-पलुस्कर श्रवणसंध्या कशी बसवावी

बहिणाबाई म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याकडे असोद्याच्या बहिणाबाई चौधरीच डोळ्यांपुढे येतात. तुकोबांच्या शिष्या असलेल्या सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचा अभंग समोर आला, तर तोही त्यांच्याच नावावर जमा होतो. गाणं शिकणाऱ्या मुलांचं 'विष्णू' या नावाबाबत असंच होतं आणि तिथली चूक थेट गळ्यात उतरते. विष्णू नारायण भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुस्कर या दोघांनी आपापली स्वरलेखन पद्धती घडवली. दोन्ही पद्धतींत तीच चिन्हं वेगळ्या अर्थाने येतात. दोघांना एका संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून ऐकलं आणि गायलं, तर हा गोंधळ सुटतो. वीस-पंचवीस माणसं आणि दोन तास एवढ्यात ही बैठक होते.

महिना ऑगस्टचाच घ्या. भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा; पलुस्करांचा १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. पलुस्कर गेले तेही २१ ऑगस्टला, १९३१ साली, मिरजेत. या दिवसांतला एखादा शनिवार बरा. रविवार धरायचा असेल तर आधी पंचांग बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खानदेशातली लोकदेवता) बसते, घरोघर नैवेद्याचे रोट असतात. त्या दिवशी बैठक ठेवू नका.

जागा निवडताना छत बघा. शाळेची खोली किंवा मंदिराचा सभामंडप पत्र्याचा असेल आणि सर आली, तर विलंबित (संथ लयीतला) ख्याल पार बुडतो. स्लॅबची खोली लहान असली तरी चालेल. जमिनीवर सतरंजी अंथरा, म्हणजे आवाज घुमत नाही. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर ठेवा आणि बास कमी करा. जुन्या ध्वनिमुद्रणात बास वाढवला की तबल्याचा डग्गा सगळं झाकतो. मोबाइल वायरने जोडा आणि फ्लाइट मोडवर टाका. वीज जाणार हे धरून चार्ज केलेला स्पीकर जवळ ठेवा.

आता खरं काम : कागद. भूप राग आणि तीनताल घ्या, कारण भूपात कोमल-तीव्र (उतरलेले-चढलेले) स्वर नाहीत. लक्ष फक्त सप्तक (सात स्वरांचा टप्पा) आणि मात्रांवर, म्हणजे तालाच्या ठोक्यांवर राहतं. ही ओळ भातखंडे पद्धतीने लिहा :

सा ध़ सा रे | ग रे ग प | ग रे सा ध़ | सा रे ग –

आणि पुढची :

ग प ध सां | सां – ध प | ग प ध प | ग रे सा –

मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवताच्या, म्हणजे 'ध'च्या, खाली टिंब; तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, डोक्यावर टिंब. खाली तालाच्या खुणा : पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला ×, पाचवीला २, नवव्या मात्रेला, म्हणजे 'खाली'ला (जिथे टाळी वाजत नाही) ०, तेराव्या मात्रेला ३.

त्याच ओळी दुसऱ्या कागदावर पलुस्कर पद्धतीने लिहा. इथे मंद्र धैवताचं टिंब डोक्यावर जातं आणि तार षड्जाच्या डोक्यावर उभी रेघ येते. ताल लिहिताना समेला १, टाळीला त्या मात्रेचाच आकडा, म्हणजे ५ आणि १३, आणि 'खाली'ला +.

हे दोन कागद हातात आले की चुका कुठून येतात ते आपोआप दिसतं. पलुस्कर पद्धतीतला 'धं' भातखंडे पद्धतीने वाचला, तर मंद्र धैवताऐवजी तार धैवत होतो. गळा एकदम दोन सप्तकं वर जातो. मध्यमाच्या डोक्यावरची उभी रेघ भातखंडे पद्धतीत तीव्र मध्यम सांगते, पलुस्कर पद्धतीत तार मध्यम. शून्याचंही तसंच : भातखंडे यांच्याकडे तालाच्या ओळीत ते 'खाली' दाखवतं, पलुस्करांकडे स्वराच्या खाली ते अर्ध्या मात्रेची खूण असतं. सगळ्यात घातक जोडी मात्र × आणि +. घाईत लिहिलेला × जरा तिरका झाला की + दिसतो, आणि मुलगा 'खाली'च्या मात्रेवर सम घेतो. म्हणून × मुद्दाम मोठा काढा. झेरॉक्समध्ये टिंबं उडतात. प्रत्येक प्रतीवर ती लाल पेनाने पुन्हा द्या. कागदाच्या माथ्यावर पद्धतीचं नाव आडनावानिशी लिहा. नुसतं 'विष्णू पद्धती' लिहिणं म्हणजे गोंधळ कागदावर आणणं.

म्हणवून घेताना पेटीवर पुरुषांना काळी एक, बायका-मुलांना काळी चार द्या आणि दोन गट वेगळे गायला लावा. सगळ्यांना एकाच पट्टीत घेतलं, तर मंद्र धैवत अर्ध्या जणांना लागत नाही. मग चूक चिन्ह वाचण्यात झाली की गळा उतरला नाही, हे कळत नाही. आधी हाताने टाळी-खाली देत दोनदा, मग स्वरांत. या भागाला चाळीस मिनिटं द्या, कमी नको.

श्रवणाला कोण घ्यायचं? भातखंडे मैफलीचे गवई नव्हते. वकिली केलेला हा माणूस देशभर हिंडून बंदिशी जमवत राहिला. रागांची दहा थाटांत (मूळ स्वरगटांत) मांडणी, 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग आणि १९२६ मध्ये लखनऊला उभं राहिलेलं मॅरिस कॉलेज, ही त्यांची कामगिरी. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गवयांची फळी तयार केली. म्हणून बैठक शिष्यांच्या आवाजावर उभी करा. पलुस्करांकडून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास. भातखंडे यांच्याकडून श्रीकृष्ण रातंजनकर आणि त्यांचे शिष्य के. जी. गिंडे.

इथे आणखी एक नाव पाय अडकवतं. द. वि. पलुस्कर म्हणजे दत्तात्रेय विष्णू, हे विष्णू दिगंबरांचे चिरंजीव. १९५२ च्या 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर गाणारे हेच. १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. इंटरनेटवर आद्याक्षरं उलटसुलट पडलेली असतात आणि मुलाचं गाणं बापाच्या फोटोसह फिरतं. फाइल उतरवली की लगेच पूर्ण नाव, राग आणि मिनिटं घालून नवं नाव द्या.

सहाला सुरुवात केली तर कागदाचं काम पावणेसातला संपतं. सूर्य मावळायच्या बेताला द. वि. पलुस्करांचा श्री राग लावा, 'हरि के चरण कमल'. या वेळेला या रागाइतकं काही लागू पडत नाही. त्यानंतर दोन्ही परंपरांतल्या एकेका गायकाचा एकच राग शोधून लावा. यमन चालेल, पण पावसाळ्यात मियाँ मल्हार मिळाला तर तोच घ्या. राग वेगळे ठेवले तर ऐकणारा रागांची तुलना करत बसतो, गायकीकडे लक्ष जात नाही. शेवटी ओंकारनाथांचं 'वंदे मातरम्', जे १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून ऐकू आलं होतं.

जुन्या तबकड्यांची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. अशा दोनच लावा, एका पाठोपाठ, आणि प्रत्येक दोनदा. पहिल्यांदा कान नुसता खरखरीला सरावतो. एकाच तबकडीच्या दोन प्रती मिळाल्या तर ताडून बघा. वेग वाढलेल्या प्रतीत आवाज पातळ होतो आणि तबला टणटणतो. ती टाकून द्या. सगळ्या फाइलींचा आवाज आदल्या दिवशीच सारखा करून घ्या. दोन गाण्यांमध्ये बोलणं दोन मिनिटांपेक्षा जास्त नको.

पुढच्या खेपेला 'नारायण' घ्या : नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आणि नारायणराव व्यास. बालगंधर्वांनी लहानपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, त्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्यांना या बैठकीत बसल्याबसल्याच रस येतो. त्या दिवशी कागद वाटायची गरज नाही. व्यासांचा तिलककामोद, 'नीर भरन कैसे जाऊँ', आधी लावा आणि नाट्यपद मागून. उलट क्रमाने लावलं तर लोक पदाच्या आठवणीतच रमतात आणि तिलककामोद कानावरून निघून जातो.