लाकडी गुराब पारखताना

मराठा आरमाराच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती पाहताना नजर आधी शिडांवर आणि भगव्यावर जाते. ती तिथून काढा आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे न्या. गुराब, म्हणजे या आरमाराचं शिडाचं मोठं लढाऊ जहाज, ओळखायची ती नाळेवरून.

१८व्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या गुराबांची रचना बारकाईने लिहून ठेवली आहे. नाळ लांब, पुढे झेपावलेली. तिची वरची फळी मुख्य डेकच्याच पातळीत, पण दोहोंमध्ये एक आडवी लाकडी भिंत. भिंतीला दोन झरोके, त्यांतून ९ किंवा १२ पौंडी (तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) तोफा नाळेवरून थेट समोर मारा करणार. समोरून लाटा आल्या की असं जहाज जोरात डुबक्या घेतं, म्हणून नाळेला कठडा नसे. वर चढलेलं पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जाई. कारागिराने शोभेसाठी तिथे नक्षीदार कठडा किंवा पुतळा बसवला असेल, तर त्याने चित्रातलं युरोपीय जहाज कोरलंय. काम सुबक असू शकेल, पण ती गुराब नव्हे.

आता नमुना टेबलावर ठेवा, डोळे त्याच्या डेकच्या पातळीला आणा आणि एक डोळा मिटून नाळेच्या टोकापासून मागे पाहा. नाळेचं टोक आणि डोलकाठ्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. मग वरून पाहा. लांबीच्या मानाने रुंदी भरपूर हवी, आणि मध्यापासून नाळेकडे अंग निमुळतं होत जायला हवं. बाजूने पाहताना पोट उथळ दिसावं: उथळ पाण्यातही ती चालावी म्हणून. डोलकाठ्या बहुधा दोन, मोठ्या गुराबेला तीन. तीनवाल्या सुमारे ३०० टनांच्या, दोनवाल्या १५०च्या आत. दोन्ही बाजूंना वल्ह्यांची रांग असेल तर गलबताशी, म्हणजे वल्ही असलेल्या लहान जहाजाशी, गल्लत झाली आहे. ४०-५० वल्ही गलबताला. वारा पडला की तीच गलबतं गुराबांना ओढून नेत.

प्रमाण तपासायला फूटपट्टी पुरते. १:५० प्रमाणात १६५ सेंमी उंचीचा माणूस ३.३ सेंमीचा होतो. नाळ सोडून बाकी डेकला त्याच्या कमरेइतका, म्हणजे साधारण २ सेंमीचा कठडा ठीक. दारं त्या माणसाला वाकूनही ओलांडता येणार नाहीत इतकी बुटकी असतील, तर तपशील अंदाजाने कोरले आहेत. तोफांमध्ये ही चूक सर्रास होते. बोटाएवढ्या जाड नळ्या बसवलेल्या दिसतात.

लाकूड पाहायला दिवा बाजूने धरा. छिन्नीचे खड्डे आणि पॉलिशखाली दडवलेली लांबी (भेगा बुजवायचा लगदा) तेव्हाच सावली टाकते. लाकडाचे रेषे नाळ ते सुकाणू असे जहाजाच्या लांबीने धावले पाहिजेत. नाळेचं टोक वर वळलेलं असेल तर तिथे रेषे आडवे कापले जातात आणि साफ करताना कापड अडकलं तरी ते मोडतं. म्हणून जाणता कारागीर ते टोक वेगळ्या तुकड्यातून, रेषे वळणाच्या दिशेने ठेवून कोरतो. हा जोड दिसला म्हणून किंमत पाडू नका. मागच्या तोंडावर मात्र लाकडाच्या वाढीच्या वर्तुळांचा मध्यबिंदू, म्हणजे लाकडाचा गाभा, दिसला तर सांभाळून: त्यातून बाहेरच्या बाजूला जाणारी चीर उन्हाळ्यात रुंदावते. लांबी भरून ती थांबत नाही.